थबकलेला डोळा आणि एका निदानाची गोष्ट

वर्गात एक साधा प्रयोग करू. एका विद्यार्थ्याला मान स्थिर ठेवायला सांगून त्याच्या डोळ्यांसमोर आपले बोट डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असे फिरवू. दोन्ही डोळे बोटामागून अचूक जातात. प्रत्येक डोळा फिरवणारे स्नायू सहा. त्यांना मेंदूचा हुकूम पोचवणाऱ्या चेता तीन. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी या तिसरी, चौथी आणि सहावी.

डोळ्याच्या खोबणीत शिरण्यापूर्वी या तिन्ही चेता कवटीच्या तळाशी असलेल्या एका चिंचोळ्या पोकळीतून जातात. तिचे नाव कॅव्हर्नस सायनस. पोकळीत अशुद्ध रक्त असते, मधून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी नागमोडी वळण घेत जाते आणि कपाळाची संवेदना आणणारी पाचव्या चेतेची शाखाही इथूनच जाते. इतकी गर्दी असलेल्या जागी थोडी सूज आली तरी काय होईल? डोळा एका जागी थबकेल, पापणी खाली येईल, एकाची दोन माणसे दिसतील, कपाळ बधिर होईल आणि डोळ्यामागे असह्य ठणका लागेल.

अशाच एका ४७ वर्षांच्या रुग्णाची हकीकत बार्सिलोनाचे मेंदूशल्यचिकित्सक एदुआर्दो टोलोसा यांनी १९५४ साली प्रसिद्ध केली. लक्षणे धमनीला फुगा आल्यासारखी होती. धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याची पद्धत मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये शोधली होती. तिचा उपयोग केला, तेव्हा फुगा दिसला नाही. उलट धमनी अरुंद झालेली दिसली. शस्त्रक्रिया केली, तरी काही सापडले नाही. काही दिवसांतच रुग्ण दगावला. शवविच्छेदनात मात्र उलगडा झाला : पोकळीतील धमनीभोवती दाहामुळे तयार झालेल्या ऊतीचे वेष्टन होते.

१९६१ साली अमेरिकेतील ओहायोचे विल्यम हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच सहा रुग्ण नोंदवले. हे दुखणे कधी आपोआप ओसरते, महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटते आणि स्टेरॉइड औषधांनी झपाट्याने हटते, असे त्यांनी दाखवून दिले. ही औषधे तेव्हा नवीच होती. कॉर्टिसोनचा सांधेदुखीवर पहिला वापर १९४८ सालचा. १९६६ साली या विकाराला टोलोसा-हंट सिंड्रोम असे नाव मिळाले. तो अतिशय विरळ आहे : वर्षाला दहा लाखांत सुमारे एक रुग्ण. दाह नेमका कशाने होतो, हे अजून उमगलेले नाही.

औषधाने ठणका दोन-तीन दिवसांत थांबतो. डोळ्याची हालचाल परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. मग औषध लागू पडले की निदान पक्के, असे समजायला हरकत काय? हरकत आहे! लिम्फोमा नावाचा कर्करोगही स्टेरॉइडने काही काळ आक्रसतो. ठणका थांबल्यावर डॉक्टर निर्धास्त झाले, तर खरा शत्रू आत वाढत राहील. क्षय, बुरशीचा संसर्ग, धमनीचा फुगा यांचीही लक्षणे अशीच असू शकतात, आणि संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो बळावण्याची भीती. म्हणून आधी ही सर्व कारणे तपासून बाजूला सारावी लागतात. आज एमआरआयमुळे ही पोकळी कवटी न उघडता पाहता येते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एमआरआयने किंवा ऊतीच्या तुकड्याच्या तपासणीने दाहाचा पुरावा मिळावाच लागतो. त्यानंतरही रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवले जाते.

विद्यार्थ्यांपुढे आपण हाच प्रश्न ठेवू या : उपायाने गुण आला, एवढ्यावरून आपण मानलेले कारण खरे ठरते का? टोलोसांच्या रुग्णाला उत्तर मिळाले ते मृत्यूनंतर. पुढच्यांना ते जिवंतपणी मिळाले, कारण कोणीतरी आपल्या हातून काय निसटले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.