जरी आणि तरी

इंग्रजी मला येत नाही, असं कुणी म्हणू नये. शब्द येतात, सुटी वाक्यंही येतात. फक्त एक वाक्य दुसऱ्याला जोडायला गेलो, की शिकाऊ प्लंबरनं बसवलेल्या नळासारखा सांधा गळायला लागतो. मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेत कारकून. आमच्या धंद्यात दोन कागद टाचणीनं जोडले की भागतं. पण २०१० साली ऑफिसरच्या परीक्षेला बसलो आणि कळलं, की दोन वाक्यांना टाचणी चालत नाही. तिथं ऑल्दो, अंटिल, डिस्पाइट अशी मंडळी लागतात.

अभ्यासाला मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. वाचनालय १८४० सालचं. इतक्या वर्षांचं ज्ञान भिंतींतून थोडंफार अंगात झिरपेल, अशी आशा होती. झिरपलं काही नाही. भेटले मात्र आमच्या गल्लीतले काका. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. महिंद्रा युनायटेड हा कंपनीचा मुंबईतला फुटबॉल संघ. त्याचा कूपरेजवर सामना असला, की काका सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायचे. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नसे.

"वाच रे जरा," म्हणून त्यांनी खेळाचं पान माझ्यापुढे सरकवलं.

बातमी संघ बंद होण्याची होती. मी भाषांतर करू लागलो, "जरी या संघानं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली..." आणि 'तरी' शोधत बसलो. कारण मराठीत 'जरी' आला की मागोमाग 'तरी' येतोच. लग्नाच्या बोलावण्याला जोडीनं यावं तसा. इंग्रजीत ऑल्दो एकटाच येतो. त्याच्यामागे बट लावला की परीक्षक गुण कापतो. माझे आजवरचे गुण कुठं गेले, ते त्या दिवशी समजलं.

काकांना बटशी कर्तव्य नव्हतं. "लीग जिंकणारा मुंबईचा पहिला संघ," ते म्हणाले, "आणि चार वर्षांत बंद? यात 'म्हणून' कुठं आहे?"

कंपनी यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, असं मी सांगितलं. काकांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रोव्हर्स कपचा इतिहास ऐकवला. मुंबईतली ही स्पर्धा १८९१ ची. सुरुवातीला जिंकायच्या त्या गोऱ्या पलटणी. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स जिंकेपर्यंत कुठल्याही देशी संघाला तो कप मिळाला नव्हता. मी लगेच त्याचं इंग्रजी केलं आणि आपल्या 'जोपर्यंत जिंकत नाही, तोपर्यंत'मधला 'नाही' उचलून अंटिलपुढे ठेवला. आता अंटिलच्या पोटात 'नाही' आधीच असतो. माझ्या वाक्यात बंगलोर मुस्लिम्स जिंकलेच नाहीत. सेहेचाळीस वर्षांनी मिळालेला कप मी एका शब्दात परत घेतला. आणि परीक्षेत नापास झालो.

पुढे फुटबॉलच्या बातम्या हाच माझा क्लास झाला. साहेबांच्या नेमणुका, बदल्या, हकालपट्ट्या; बँकेतल्या माणसाला परकं काहीच वाटेना. मँचेस्टर युनायटेडनं २०१३ साली डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांच्या करारावर नेमलं. हाऊएव्हर, एप्रिल २०१४ मध्ये घरी पाठवलं. त्या वर्षी मीही पुन्हा घरीच. क्लॉडिओ रानिएरींनी मे २०१६ मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. ते डिस्पाइट, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना काढलं. या डिस्पाइटपुढे मी वर्षानुवर्षं एक ऑफ लावत आलो होतो. रानिएरींची नोकरी गेली, माझा ऑफ गेला.

त्याच वर्षी मी पास झालो. बढती आली आणि सोबत विदर्भातली बदली. आई तेव्हा ऐंशीची. दुपारी गोदेच्या घाटावर तासभर बसल्याशिवाय तिला रात्री झोप लागत नसे. तिला तिथं नेणं शक्य नव्हतं, इथं एकटी ठेवणं त्याहून नव्हतं. दोन रात्री जागून मी नकाराचं पत्र लिहिलं, इंग्रजीत. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एकही चूक नाही हो! असं इंग्रजी येतं, तर नकार कशाला देता?"

संध्याकाळी पत्राची नक्कल काकांना वाचून दाखवली, भाषांतरासकट. ऑल्दो होता, बट नव्हता. शेवटी आई होती आणि तिच्यापुढे देअरफोर.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "यात 'म्हणून' आहे."