आडनाव जुळत नाही? आधी आजीला विचारा!

२०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मंचर-घोडेगाव परिसरात कितीतरी घरांत पणजोबांचा शोध चालू आहे. गावनमुना १४, कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर. सगळे कुणबी नोंद शोधतायत.

अडचण कुठे येते? जुन्या मोडी नोंदीत बऱ्याचदा आडनावच नसतं. नुसतं 'अमुक बिन तमुक'. आडनावंही बदलत गेली. पाटीलकी आली की पाटील, गाव सोडलं की गावाच्या नावाला 'कर'. आपलं जुनं आंबेगाव डिंभे धरणात गेलं, आंबेगावकर मात्र राहिले!

कॅनडातल्या क्वेबेकच्या फ्रेंच घराण्यांचंही असंच. तिथे आडनावाला 'दी' लावून दुसरं नाव जोडायचे, आपल्या 'ऊर्फ'सारखं. पुढे एक भाऊ जुनं लावी, दुसरा नवं. पण चर्चच्या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव लिहीत, म्हणून तिकडे वंशावळ लागते. आपल्याकडे 'कोम' लिहून बाईला नवऱ्याच्या नावाला जोडलं, माहेर पुसलं गेलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं, ते बरंच झालं.

म्हणून सांगतो, तहसीलला खेटे घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. मूळ गाव, कुलदैवत, देवक, आजीचं माहेर लिहून घ्या. कागद उद्याही मिळेल. माणूस मिळेलच असं नाही.