बांबूचे पाते

अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरु’ हा चित्रपट १९५२ साली पडद्यावर आला. त्यानंतर एका सामुराईच्या आयुष्यातला एकच दिवस रंगवावा, असे त्यांच्या मनाने घेतले. सकाळी तो उठतो, केस नीटनेटके बांधून स्वामीच्या किल्ल्यात कामावर जातो, तेथे त्याच्या हातून एक क्षुल्लक चूक घडते, आणि त्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून घरी परतल्यावर तो स्वतःचे पोट चिरून घेतो. कथानक एवढेच. पटकथाकार शिनोबु हाशिमोतो ग्रंथालयांतून जुनी दप्तरे धुंडाळू लागले. परंतु एका ठिकाणी त्यांचे घोडे अडले. त्या काळचा सामुराई दुपारी जेवत असे काय? जेवत असल्यास शिदोरी घरून नेत असे, की किल्ल्यातच त्याला अन्न मिळे? दिवसाला जेवणे दोन की तीन? लढाया, वंशावळी, तलवारींचे प्रकार यांविषयी ग्रंथ पुष्कळ होते. शिदोरीविषयी खात्रीलायक असे काही हाती लागेना. अखेर तो संकल्पच सोडून देण्यात आला.

दुपारच्या जेवणावाचून एक चित्रपट अडावा, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु सामुराईपटांच्या दाट अरण्यातून चांगले चित्रपट वेचू पाहणाऱ्याला याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे. मेइजी राजवटीच्या पूर्वीच्या काळावर रचलेल्या चित्रपटांना जपानी लोक ‘जिदाइगेकी’ म्हणतात; त्यांतल्या केवळ खणाखणीवर जगणाऱ्या पटांना ‘चांबारा’ असे नाव आहे, आणि ते नाव तलवारीवर तलवार आदळल्याच्या आवाजावरूनच पडले आहे. मूकपटांच्या काळापासून असे चित्रपट शेकड्यांनी निघाले. मूकपटांपैकी बहुतेक कायमचे नष्ट झाले, आणि जे नंतर निघाले त्यांतलेही पुष्कळसे विसरले गेले तर हळहळण्याचे कारण नाही. कारण त्यांतला सामुराई जेवत नाही, कर्ज काढत नाही, त्याला पगार कोण देतो हे कोणी विचारत नाही. तो फक्त मारतो आणि मरतो. चांगला सामुराईपट या माणसाचा चरितार्थ कसा चालतो येथून सुरू होतो.

हाशिमोतो आणि कुरोसावा यांना पुढे ज्या विषयाने गाठले, तोही चरितार्थाचाच होता. देशभर भटकत शस्त्रविद्या शिकणारे पूर्वीचे योद्धे, गाठीला पैसा नसताना जगत कसे, असा प्रश्न निघाला. आखाड्यांत, देवळांत त्यांना आसरा मिळे, असे कळले; आणि दरोडेखोरांच्या भयाने गावकरी त्यांना पोटभर भात घालून रात्रीच्या पहाऱ्यास ठेवीत, असेही कळले. त्या एका माहितीतून १९५४ चा ‘सात सामुराई’ उभा राहिला. तीन तास सत्तावीस मिनिटांचा हा चित्रपट परदेशी धाडताना पुष्कळ कापण्यात आला होता. तेव्हा पाहायचा तो अखंडच पाहावा. भारतीय प्रेक्षकाला त्याची कथा परकी वाटत नाही, कारण १९६० च्या अमेरिकन ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’च्या वाटेने ती १९७५ च्या ‘शोले’पर्यंत येऊन पोहोचली. मात्र या प्रवासात त्या कथेचा इतिहास गळून पडला.

तो इतिहास असा. चित्रपटातील किकुचियो हा सामुराई म्हणवून घेणारा आडदांड गडी कोठून तरी पैदा केलेली एक वंशावळ दाखवतो. तीत दिलेले जन्मवर्ष खरे धरले तर तो तेरा वर्षांचा ठरतो, आणि सगळे त्याला हसतात. याच हिशेबाने चित्रपटाचा काळ १५८६ ठरतो. हे वर्ष सहजासहजी निवडलेले नव्हे. दोनच वर्षांनी, १५८८ मध्ये, तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांच्या घरातली तलवार, भाला, बंदूक काढून घेण्याचे फर्मान काढले. १५९१ मध्ये सामुराईने शेतकरी वा व्यापारी होण्यास मनाई केली, आणि शेतकऱ्यालाही आपले शेत सोडून दुसरा धंदा धरता येईनासा झाला. हिदेयोशी स्वतः हलक्या कुळात जन्मलेला, शिपाईगिरी करीत वर चढलेला. ज्या शिडीने तो चढला ती त्याने चढून झाल्यावर वर ओढून घेतली. किकुचियो हा शेतकऱ्याचा पोर आहे. खोट्या वंशावळीच्या आधारे का होईना, सामुराई होऊ पाहण्याची शेवटची संधी त्याला मिळाली आहे.

हे ध्यानात ठेवले की चित्रपटाच्या मध्यावरचा प्रसंग निराळाच दिसू लागतो. गावकऱ्यांनी लपवून ठेवलेली चिलखते आणि भाले किकुचियो उजेडात आणतो. पराभूत होऊन पळणाऱ्या सामुराईंना गाठून, ठार करून लुबाडलेली ती शस्त्रे आहेत. बाकीचे सामुराई संतापतात. तेव्हा किकुचियो प्रथम शेतकऱ्यांना शिव्या घालतो: ते लबाड, कंजूष, भेकड, खुनशी आहेत, आणि मग विचारतो की त्यांना असे केले कोणी? गावे जाळणारे, धान्य लुटणारे, बायका ओढून नेणारे कोण? सामुराईच! जुन्या युद्धकथांत हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहणाऱ्याच्याच लक्षात येते. सातांपैकी चौघे पडतात, आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. पोर्तुगीजांबरोबर १५४३ मध्ये बंदूक जपानात आली. १५७५ मध्ये नागाशिनोच्या रणांगणावर तिने आपला प्रताप दाखवला. क्यूझोसारखा अद्वितीय तलवारबाज दुरून आलेल्या गोळीने पडतो, तेव्हा त्याच्या वर्षानुवर्षांच्या साधनेचा काही उपयोग होत नाही.

सेकिगाहाराची लढाई १६०० मध्ये झाली आणि १६०३ पासून तोकुगावा शोगुनांची राजवट सुरू झाली. अडीच शतके मोठे युद्ध झाले नाही. लढवय्यांचा वर्ग कायम राहिला, लढाई तेवढी संपली! शोगुनांनी अनेक सरदारांच्या जहागिरी जप्त केल्या. हिरोशिमाच्या फुकुशिमा मासानोरीची जहागीर १६१९ मध्ये गेली. जहागीर गेली की तिच्यावर जगणारे हजारो सामुराई एका दिवसात निराधार होत. अशांना ‘रोनिन’ म्हणत, म्हणजे लाटांवर वाहणारी माणसे. १६५१ मध्ये अशा असंतुष्ट रोनिनांचा एक कट उघडकीस आला. त्यानंतर मृत्युशय्येवरील सरदाराला दत्तक घेण्याची मोकळीक देण्यात आली आणि केवळ वारस नाही म्हणून जहागिरी बुडण्याचे प्रमाण कमी झाले.

मासाकी कोबायाशी यांचा १९६२ चा ‘हाराकिरी’ याच भूमीवर उभा आहे, आणि एकच सामुराईपट पाहायचा असेल तर तो हाच पाहावा. पटकथा पुन्हा हाशिमोतो यांची. दहा वर्षांपूर्वी हातून निसटलेला सामुराई त्यांना येथे सापडला असे म्हणता येईल. साल १६३०. भुकेले रोनिन मोठ्या सरदारांच्या वाड्यांवर जाऊन ‘आपल्या अंगणात सन्मानाने मरू द्या’ अशी विनंती करतात. अंगणात रक्त नको म्हणून वाड्यातले लोक चार नाणी देऊन त्यांना वाटेला लावतात. ही भिक्षा बंद करण्यासाठी ई घराण्याचे कारभारी एका तरुणाला खरोखरच पोट चिरायला लावतात. आजारी बायकोमुलासाठी त्याने तलवारीची पाती केव्हाच विकलेली असतात. म्यानात फक्त बांबूचे पाते उरलेले असते. त्याच पात्याने त्याला मरावे लागते.

यानंतर त्याचा सासरा वाड्यावर येतो, आणि पुढचे दोन तास त्या दरबाराच्या अब्रूचा एकेक पदर उलगडत जातो. पूर्वजांचे म्हणून पूजले जाणारे चिलखत शेवटी मोडून जमिनीवर पडते, ते पुन्हा जुळवून जागेवर बसवले जाते, आणि दप्तरात नोंद होते की घराण्याचे कोणी मारले गेले नाही, जे गेले ते आजाराने. चित्रपट दप्तरातील नोंदीने उघडतो आणि नोंदीनेच मिटतो. इतिहासाच्या अभ्यासकाला यातली टोचणी विशेष जाणवेल, कारण त्याच्या हाती येतात त्या अशाच नोंदी. कोबायाशी स्वतः महायुद्धात सक्तीने सैन्यात भरती झालेले शिपाई होते आणि निषेध म्हणून त्यांनी बढती नाकारली होती. वरिष्ठांची आज्ञा, घराण्याची प्रतिष्ठा हे शब्द त्यांनी कवायतीच्या मैदानावर ऐकलेले होते.

बांबूचे पाते पडद्यावर आले ते मात्र याच्याही पूर्वी. सादाओ यामानाका यांच्या १९३७ च्या ‘माणुसकी आणि कागदी फुगे’ या चित्रपटाच्या आरंभीच एदोच्या एका चाळीत एक म्हातारा रोनिन गळफास घेतो. सामुराईसारखे पोट का चिरले नाही, असे शेजारी विचारतात. तर त्याची तलवार बांबूची होती! दुसऱ्या रोनिनची बायको कागदी फुगे करून संसार रेटते. हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच दिवशी यामानाका यांना सैन्याचे बोलावणे आले; पुढच्या वर्षी ते चीनमध्ये आजाराने वारले, तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते.

त्या काळी सरकारला वेगळा सामुराई हवा होता. स्वामीच्या सूडासाठी प्राण देणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची १७०१ ते १७०३ मधील कथा केंजी मिझोगुची यांनी दोन भागांत चित्रित केली. पहिला भाग डिसेंबर १९४१ च्या आरंभी, पर्ल हार्बरच्या आठवडाभर आधी पडद्यावर आला. गंमत अशी की ज्या हल्ल्यासाठी लोक ही कथा पाहतात तो हल्लाच मिझोगुची यांनी दाखवला नाही. त्याची वार्ता पत्रातून कळते. युद्ध हरल्यावर वारे फिरले. अमेरिकन अंमलाने १९४५ मध्ये स्वामिनिष्ठा आणि सूड यांचा गौरव करण्यास बंदी घातली आणि दोनशेंहून अधिक जुन्या चित्रपटांवर गदा आणली. एका सरकारला सामुराई पूज्य वाटला, दुसऱ्याला धोकादायक. दोघांनीही त्याला होता त्याहून मोठा मानला.

याला कारण आहे. ‘बुशिदो’ची जी संहिता जगभर सामुराईचा धर्म म्हणून ओळखली जाते, ती इनाझो नितोबे यांच्या १९०० मधील इंग्रजी पुस्तकामुळे प्रसिद्धीस आली. त्यापूर्वीच, १८७६ मध्ये, तलवार बाळगण्याचा सामुराईंचा हक्क गेला होता आणि त्यांच्या तनख्यांच्या जागी सरकारी रोखे आले होते. वर्ग नाहीसा झाल्यावर त्याचे पावित्र्य वाढले. २००३ चा अमेरिकन ‘द लास्ट सामुराई’ देखणा आहे, परंतु त्यातले बंडखोर बंदुकीला हात लावत नाहीत. १८७७ मध्ये साइगो ताकामोरी यांच्यामागे उठलेल्या सात्सुमाच्या सामुराईंजवळ रायफली होत्या, तोफाही होत्या.

त्याच सुमाराचा, २००२ चा, योजी यामादा यांचा ‘संधिकालचा सेइबेइ’ त्याहून कितीतरी सच्चा आहे. सेइबेइला वर्षाला पन्नास कोकु तांदळाचे वेतन. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. किल्ल्याच्या कोठारात तो मालाची मोजदाद करतो आणि अंधार पडताच घर गाठतो, म्हणून सोबत्यांनी त्याला हे नाव दिले आहे. घरी भ्रमिष्ट आई, दोन लहान मुली. रात्री बसून तो किड्यांचे पिंजरे विणतो. बायकोच्या क्रियाकर्मासाठी त्याने तलवारीचे पाते विकले आहे, आणि ज्या माणसाला मारण्यासाठी वरिष्ठांनी त्याला धाडले, त्याच्याजवळच तो हे बोलून जातो. तो माणूस चिडतो: बांबू घेऊन माझ्याशी लढायला आलास? १८६८ च्या यादवीत सेइबेइ गोळी लागून मरतो. हे सांगते ती त्याची म्हातारी झालेली मुलगी.

शुहेइ फुजिसावा यांच्या कथांवरून यामादा यांनी यानंतर २००४ आणि २००६ मध्ये आणखी दोन सामुराईपट केले. त्यांतल्या दुसऱ्याचा नायक लढाईवर कधी गेलेलाच नाही. स्वामीच्या पुढ्यात जाणारे अन्न आधी चाखून पाहणे एवढीच त्याची चाकरी. एके दिवशी शिंपल्यातल्या विषाने त्याची दृष्टी जाते, आणि घरात पहिली चर्चा होते ती त्याचे तांदूळ चालू राहतील की नाही याची.