अफनासीचा घोडा आणि सातवा रकाना

२०११ च्या जनगणनेत माझ्या वाट्याला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची एक वाडी आली होती. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सांभाळून. जनगणना प्राथमिक शिक्षकाच्या पाचवीलाच पुजलेली असते, तिची तक्रार करायची नसते. काखेत फॉर्मांचं बंडल, त्याला घडी पडू द्यायची नाही अशी सक्त ताकीद, आणि पायाखाली हिरड्याच्या झाडांतून जाणारी पायवाट.

फॉर्मातला सातवा रकाना धर्माचा. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. याबाहेरचं कुणी काही सांगितलं, तर सांगतील तसं पूर्ण नाव लिहायचं. खरं सांगायचं तर पहिल्या दहाबारा घरांत मी विचारलंच नव्हतं. नाव, नातं, वय विचारायचं आणि सातव्यात १ टाकून पुढे सरकायचं. ऊन चढायच्या आत वाडी उरकायची होती.

एका ओट्यावर म्हातारेबाबा हिरडा निवडत बसले होते. तिथं का कोण जाणे, मी विचारलं.

"बाबा, धर्म कोणता लिहू?"

"आमी म्हादेव कोळी."

"ती जमात झाली, बाबा. ती पुढच्या रकान्यात. धर्म सांगा."

बाबांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "देव इच्यारता व्हय? वाघोबा हाये, वरसूबाई हाये. भीमाशंकरलाबी जातो आमी. त्यातला कंचा लिवायचा त्यो लिवा."

आश्रमशाळेत शिकणारा नातू दारात उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, आदिवासी लिहा." सुनेनं आतूनच आवाज दिला, "हिंदूच लिवतात समदे." म्हातारेबाबा दोघांकडे बघून हसले आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी पेन उघडं धरून बसलो.

धर्म विचारावा आणि उत्तरात जात यावी, हा घोळ या मुलखाला नवा नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाचाही तो झाला होता, फक्त उलट्या बाजूनं. या माणसाची गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे, की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना शिवनेरीच्या दरवाजांची नावं आठवत नाहीत, पण अफनासीचा घोडा आठवतो.

अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या आगेमागे होर्मुझहून घोडा घेऊन तो जहाजानं चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. घोडा त्याला शंभर रूबलना पडला होता. दख्खनमध्ये घोडे निपजत नाहीत, बहामनी सरदारांना ते हवे असतात, म्हणजे एका घोड्यात आयुष्याची ददात मिटेल, असा हिशोब. वाटेत व्होल्गाच्या मुखाशी त्याला लुटलं होतं आणि मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकंही गेली होती. ही पुस्तकं लक्षात ठेवा.

जुन्नरात त्याला पावसाळा लागला. सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पावसाळ्याला तो हिवाळाच म्हणतो; त्वेरच्या माणसाला घरात कोंडून घालणारा ऋतू तेवढा एकच ठाऊक. घोड्याला इथं हरभरे आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हेही तो नोंदवतो. आषाढात जुन्नरला जो राहिला आहे, त्याला या बिचाऱ्याची दया येईल. गुडघाभर राड, परका मुलूख, आणि जे काही आहे ते सगळं त्या एका घोड्यावर लावलेलं.

जुन्नरवर तेव्हा असदखान होता, महमूद गवानच्या हाताखालचा सरदार. या परदेशी माणसानं ख्वाजा युसुफ खोरासानी असं नाव लावलं आहे, पण हा मुसलमान नाही, हे खानाला कळलं आणि त्यानं घोडा काढून घेतला. मग सौदा सांगितला. आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही आलास, तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. विचार करायला चार दिवस.

ते चार दिवस अफनासीच्या पंथातल्या ऑगस्टच्या उपवासाचे होते. म्हणजे बाहेर श्रावणाची झड, पोटात उपास, आणि डोक्यावर तलवार म्हणावी तर तलवारही नाही, एक हिशोब. या प्रसंगात मला नेहमी खटकतो तो हा हिशोबच. खानाला अफनासीच्या आत्म्याची काळजी होती असं मला कधी वाटलं नाही. त्याला घोडा आवडला असावा. मुसलमान व्यापाऱ्यांच्या मालाला जकात माफ आणि आपल्याला मात्र जबर, अशी अफनासीचीही कुरकुर आहे. धर्म कोणता, हा प्रश्न त्या काळच्या बाजारात जकातीचाही प्रश्न होता.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी खोरासानचा एक मुसलमान अधिकारी, महंमद नावाचा, गावात आला. अफनासीनं त्याचे पाय धरले. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. अफनासी याला देवाचा चमत्कार म्हणतो. वर्गात मी इथं थांबतो आणि विचारतो, चमत्कार केला कुणी? पोरं ओरडतात, "महंमदनं!"

पुढे बीदरला त्यानं तो घोडा नाताळाच्या सुमाराला विकला. वर्षभर पोसला होता. खर्च ६८ फुतून, असा आकडा त्यानं टिपून ठेवला आहे. व्यापारी तो व्यापारीच.

खरी गोष्ट पुढे आहे. बीदरला त्यानं हिंदूंशी ओळख केली आणि त्यांना सांगून टाकलं, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. जेवणखाण नाही, पूजापाठ नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या शिवरात्रीच्या यात्रेलाही गेला. त्यांना धर्माविषयी विचारून त्यानं जे लिहून ठेवलं ते असं: हिंदुस्थानात ८४ धर्म आहेत, आणि एका धर्माचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करत नाही. त्यानं धर्म विचारला होता, उत्तरात पंगती मिळाल्या. माझ्या म्हाताऱ्या बाबांनीही तेच केलं. फरक एवढाच, की अफनासीनं मिळालेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मी "ती जमात झाली, बाबा" म्हणून दुरुस्त करायला गेलो.

आणि ती पुस्तकं. ती नसल्यामुळे ईस्टर कधी येतो हेच अफनासीला कळेना. मुसलमानांच्या सणांवरून तो अदमास बांधायचा. बीदरला त्यानं आकाश पाहिलं: कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत, सप्तर्षींचं डोकं पूर्वेला आहे, म्हणजे आजच. आपले उपास चुकतात म्हणून त्यानं मुसलमानांबरोबर रोजे धरले. त्याच्या वहीतल्या प्रार्थना हळूहळू रशियनमधून तुर्की, फारसी, अरबीत सरकत जातात, आणि वही संपते तीच अशा मिश्र प्रार्थनेवर. घरी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. तो शेवटी ख्रिस्ती राहिला होता का, यावर विद्वानांचे वाद आहेत. मला विचाराल तर, ज्याला विश्वासच उरला नाही तो माणूस परमुलखात पहाटे उठून सणाची तारीख चांदण्यांत शोधत बसत नाही.

१९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमा काढला. त्यात नर्गिस होती. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. ज्या जुन्नरात त्याचा जीव टांगणीला लागला, तिथं मात्र त्याच्या नावाचा साधा दगडसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

दगडांना तसा जुन्नरात तोटा नाही. शहराभोवतीच्या डोंगरांत लेणीच लेणी आहेत. शिवनेरीच्या अंगाला, मानमोडीला, लेण्याद्रीला दानाचे ब्राह्मी लेख आहेत, आणि त्यांतले तीन यवनांचे: इरिल, चिट आणि चंद. एकानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या, म्हणजे आपली टाकी. दुसऱ्यानं संघाला भोजनमंडप दिला, तिसऱ्यानं लेण्याचं दर्शनी काम. हे सगळे परदेशी म्हणून ओळखले गेलेले लोक. त्यांनी नावाआधी यवन लावलं आणि दान संघाला दिलं. दोन्ही एका ओळीत बसलं, कुणाला अडचण झाली नाही. अडुथुम नावाच्या शकाचा लेख आहे. तो स्वतःला शकही म्हणवतो, उपासकही म्हणवतो, शिवाय आपल्या श्रेणीचं नाव सांगतो, आणि कुठल्या गावात करंजाच्या झाडापाशी २० निवर्तनं, कुठं वडापाशी ९ निवर्तनं जमीन दिली ते लिहितो. सातबाऱ्याचा उताराच म्हणा. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण आहेत, अश्वमेध आहेत. राजघराणं वैदिक यज्ञ करणारं, आणि त्याच घराण्यातली गौतमी बलश्री पुढं नाशिकला भिक्षूंना लेणं देते.

'यवन' या शब्दाचा पुढचा प्रवास बघण्यासारखा आहे. आमच्या बखरींत यवन म्हणजे मुसलमान, आणि बहुधा शत्रू. मी शाळेत होतो तेव्हा इतिहासाच्या तासाला यवन हा शब्द आला की मागच्या बाकावरची मुलं खाली बघायची. जुन्नरचीच पोरं ती. आपल्याच डोंगरातल्या टाक्यावर हा शब्द पाणी देणाऱ्याच्या नावापुढे कोरलेला आहे, हे आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं. मुसलमान पिराच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी ही नावं ठेवली गेली, शिवनेरीवर जन्मलेल्या शहाजींच्या मुलाचं नाव शिवाई देवीवरून आलं, असं परंपरा सांगते. तेही कुणी एका दमात सांगत नाही. अर्धं एका भाषणात, अर्धं दुसऱ्या.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलात, की ७ नंबरच्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकांतला एक. मधे खांब नसलेलं भलंथोरलं दालन, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या झोपायच्या खोल्या. शेजारी ६ नंबरचं चैत्यगृह. ते कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं, तसा लेख दारावर आहे. खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट दोघांनाही सारखंच. निळी टोपी घातलेली माणसं चैत्यात वंदना म्हणतात, भगवी उपरणी शेजारच्या रांगेत उभी असतात. मी मुलांची सहल नेतो तेव्हा दोन्ही दाखवतो. एका वर्षी एक पालक माझ्यावर रागावले होते, गणपती दाखवला म्हणून. दुसऱ्या वर्षी दुसरे रागावले, तो विहार आहे असं सांगितलं म्हणून.

त्या जनगणनेत डोंगर उतरून मी बौद्ध वस्तीतही गेलो होतो. तिथं सातव्या रकान्याचा प्रश्न माझ्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत उत्तर आलं. सत्तरीतल्या आजी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर त्यांच्या घरातले गौरी-गणपती बंद झाले. हे सांगून त्या म्हणाल्या, "गुरुजी, फॉर्म इकडं करा. ५ लिहिलाय ना?" चष्मा नव्हता, तरी त्यांनी बोट लावून आकडा पाहिला. पुढच्या, आठव्या रकान्यात मात्र जातीचं नाव लिहावं लागतं. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीची सवलत आहे आणि ती हवी तर जुनी जात सांगावीच लागते. आजींनी ते नाव हलक्या आवाजात सांगितलं, घरात कुणी नसतानाही.

वाडीवरच्या म्हाताऱ्या बाबांचं मी शेवटी काय लिहिलं? नातवानं सांगितलं तेच. बाबांना विचारलं, "चालेल ना?" ते म्हणाले, "पोरगं शिकलंय, त्याला माहीत." सुनेचा चेहरा मात्र साशंक होता. मग मी आधीच्या दहाबारा घरांत परत गेलो. त्यातल्या दोघांनी धर्माची नोंद बदलून घेतली, बाकीच्यांनी १ तसाच राहू दिला, एकानं चहा पाजला.

त्याच आठवड्यात घोडेगावला माझ्या घरी दुसऱ्या शाळेच्या बाई मोजणीला येऊन गेल्या. मी वाडीवर होतो. संध्याकाळी हिला विचारलं, सातव्या रकान्यात काय सांगितलंस?

"काही नाही," ही म्हणाली. "त्यांनी विचारलंच नाही. आडनाव बघून लिहिलं."