न फुटलेल्या रोहिणीची हकीकत

वैद्यकाच्या इतिहासात काही माणसांची नावे अशा वस्तूंना चिकटून बसली आहेत की, त्या वस्तू त्यांनी स्वप्नातही पाहिल्या नव्हत्या. चार्ल्स थॉमस स्टेंट (१८०७–१८८५) हा इंग्लंडातील एक दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्या काळी गटापर्चा वापरीत. पण तो थंड होताना आकसे, आणि मग कवळी नीट बसत नसे. १८५६ च्या सुमारास स्टेंटने त्यात चरबीपासून काढलेले स्टिअरिन व शंखजिऱ्याची पूड मिसळून एक नवा लगदा तयार केला. पुढे पहिल्या महायुद्धात एस्सर या डच शल्यविशारदाने कातडीचे कलम जागच्या जागी धरून ठेवण्यास हाच लगदा उपयोगात आणला. तेव्हापासून शरीरातील एखादा भाग सावरून धरणाऱ्या आधाराला ‘स्टेंट’ म्हणण्याची वहिवाट हळूहळू पडली. हृदयविकाराच्या निमित्ताने हा शब्द आज घरोघर पोचला आहे. परंतु ही जाळी मेंदूतील रोहिणीत, आणि तीही पुष्कळदा कसलीच तक्रार नसलेल्या माणसाच्या रोहिणीत, कशी जाऊन बसली याची हकीकत तितकीशी परिचित नाही.

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिसने १६६४ साली त्याचे वर्णन केले. त्याच्या ग्रंथासाठी चित्रे काढणारा क्रिस्टोफर रेन म्हणजे पुढे लंडनचे सेंट पॉलचे मंदिर उभारणारा शिल्पी होय. या कड्यावर जेथे फांद्या फुटतात तेथे रक्ताचा मारा थेट भिंतीवर बसतो. आणि भिंत दुबळी असली म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबला यावा तसा तेथे फुगवटा येतो. तो फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊन सुमारे तिसरा हिस्सा रोगी दगावतात, आणि वाचलेल्यांपैकीही अनेक जण पूर्ववत होत नाहीत. उलटपक्षी, शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांना असा फुगवटा असतो, आणि त्यांतील बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. सारा पेच आहे तो येथे.

जुन्या वैद्यांपुढे हा पेच नव्हताच, कारण त्यांना हा फुगवटा बहुधा प्रेताची चिरफाड करतानाच दिसे. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझने रोहिणीत आयोडाइडचा द्राव सोडून तिचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, आणि जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या प्रथमच डोळ्यांपुढे आल्या. १९३१ मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉटने फुटलेल्या फुगवट्याभोवती रोग्याच्याच मांडीतील स्नायूचा तुकडा गुंडाळला. २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडीने त्याच्याही पुढची मजल मारली. त्रेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थाच्या डोळ्याची मज्जा फुगवट्याखाली दबली होती. डँडीने कवटी उघडून फुगवट्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला, आणि रोगी बरा झाला. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे आपल्या देशातील मज्जाशल्याचा पहिला विभाग उघडला, तेव्हा या रोगावर सरळ घाव घालण्याचा मार्ग म्हणजे हा चिमटाच होता. आजही तो मोडीत निघालेला नाही.

कवटी न उघडता आतल्या वाटेने जाण्याची कल्पना मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंको याची. मे दिनाच्या समारंभात मुलांच्या हातचे फुगे पाहून ती त्याला सुचली, असे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मोठ्या रोहिणीतून बारीक नळी सारून तिच्या टोकाचा चिमुकला फुगा आत सोडून देण्याची त्याची रीत १९७४ साली जगापुढे आली. १९९० साली इटालियन शल्यविशारद गुल्येल्मी याने लॉस एंजेलिस येथे फुग्याऐवजी प्लॅटिनमच्या मऊ तारेचे वेटोळे वापरले. ते फुगवट्यात भरून झाले की सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाने सुटे करावयाचे. युक्ती उत्तम; पण फुगवट्याची मान रुंद असली तर वेटोळे घसरून मूळ रोहिणीत येई. तेव्हा त्याला कुंपण हवे होते, आणि येथे स्टेंटचे नाव पुन्हा आले. १९९७ साली हृदयासाठी केलेला स्टेंट मेंदूच्या रोहिणीत बसवून त्याच्या जाळीतून वेटोळे भरल्याचा वृत्तांत अमेरिकेतील वैद्यांनी प्रसिद्ध केला. हृदयाचा स्टेंट ताठ आणि मेंदूतील रोहिण्या नागमोडी. म्हणून २००२ मध्ये खास मेंदूसाठी घडविलेल्या लवचिक स्टेंटला तेथे परवानगी मिळाली.

परंतु या शोधातील खरी प्रतिभा त्यानंतरची आहे. कुंपणच पुरेसे दाट विणले तर आत वेटोळे भरावेच कशाला, हा तो विचार. नदीच्या वळणावर काठाला खोबण पडली की प्रवाह तिच्यात शिरून भोवरा करतो आणि काठ पोखरतो. तिच्या तोंडाशी दाट ताटी बांधली तर पाणी ताटीतून झिरपते खरे, पण भोवरा मंदावतो आणि गाळ साचून खोबण भरून येते. अठ्ठेचाळीस बारीक तारांच्या वेणीची नळी फुगवट्याच्या तोंडावरून मूळ रोहिणीत पसरली म्हणजे हेच घडते. आतले रक्त थबकते, गोठते, आणि काही महिन्यांत जाळीवर रोहिणीचे नवे अस्तर चढून तोंड बंद होते. शेजारच्या लहान फांद्या मात्र बहुधा वाहत्या राहतात, कारण त्यांच्या पलीकडे रक्त ओढून घेणारा मेंदू आहे, आणि फुगवट्याच्या पलीकडे काहीच नाही! २०११ साली अमेरिकेत या जाळीला संमती मिळाली. मोठ्या, रुंद मानेच्या फुगवट्यांवरील ज्या परीक्षेच्या आधारे ती मिळाली, तिच्यात सहा महिन्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश फुगवटे पूर्ण बंद झालेले आढळले.

याची किंमतही आहे. परक्या धातूवर रक्त गोठू नये म्हणून रोग्याला ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. नुकत्याच फुटलेल्या रोहिणीवर रक्त पातळ ठेवणारी औषधे देणे धोक्याचे. म्हणून स्टेंटचे खरे क्षेत्र न फुटलेला फुगवटा हेच ठरले. म्हणजे जो माणूस आपल्या पायांनी रुग्णालयात चालत आला, त्याच्यावर हा प्रयोग करावयाचा. जाळी बसल्यानंतर काही दिवसांनी फुगवटा फुटल्याचीही उदाहरणे नमूद आहेत. कॅनडातील एक तुलनात्मक परीक्षा मृत्यू व अपंगत्वाचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. या हकीकतीत यशाच्या आकड्यांइतकेच महत्त्व या थांबण्याला आहे, असे मला वाटते.

उपचार न केल्यास काय होते, याचे उत्तरही आता बरेचसे हाती आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मेंदूच्या पुढील बाजूच्या, सात मिलिमीटरांहून लहान आणि पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रोग्यांतील फुगवट्यांपैकी पाच वर्षांत एकही फुटल्याचे आढळले नाही. पंचवीस मिलिमीटर व त्याहून मोठ्यांत मात्र हे प्रमाण शेकडा ४० होते. २०१२ च्या जपानी पाहणीत ६,६९७ फुगवट्यांचा माग घेतला, तेव्हा फुटण्याचे वार्षिक प्रमाण शेकडा ०.९५ भरले. जागा, आकार, वय, रक्तदाब, धूम्रपान, घराण्यातील पूर्ववृत्त हे सारे विचारात घेऊन वैद्य निर्णय देतात. कचेरीत ज्यांचा जन्म गेला त्यांना प्रतीक्षेत ठेवलेल्या फाइलीचे मर्म सांगावयास नको. मात्र येथे फाइल बांधून ठेवून चालत नाही, ती ठरल्या मुदतीस पुन्हा उघडावी लागते. लहान, गुळगुळीत फुगवट्यांची प्रकरणे बहुधा अशीच चालतात. विडी-सिगारेट बंद, रक्तदाब ताब्यात, आणि वर्षा-दोन वर्षांनी एक नवे छायाचित्र.