हजेरीपटात न दिसणारा घास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं की अंगणवाडीच्या आहार-नोंदवह्या वाचून तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खाण्याच्या सवयींचा इतिहास मांडता येईल. ते वाक्य आता खोडलंय. का खोडलं ते सांगते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर हीच चूक तुमच्याही वाट्याला येऊ शकते.

माझं गाव काठी. अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं. राजवाडी होळीमुळे अनेकांना नाव माहीत असतं. इंग्रजांच्या काळात काठी हे मेवासी संस्थान होतं, त्यामुळे जुने कागद सापडतात. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये मेवासी प्रमुख आहेत, भिल्ल आहेत, पिकं आहेत. पण लिहिणाऱ्याची नजर महसूल आणि जमातींवर होती. चार वर्षांच्या मुलीला कोण भरवतं, हे शोधायला तिथे जाऊ नका.

मुलाचं खाणं सरकारी कागदात आलं ते फार नंतर, आणि दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. हात धुणं, मांडी घालून बसणं, स्वतःच्या हाताने खाणं या बालवाडीच्या परंपरेत शिकवायच्या गोष्टी होत्या.

दुसरी वाट आकड्यांची. 1970-71 च्या विशेष पोषण कार्यक्रमाने आदिवासी भाग आणि शहरी झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी रोज सुमारे 300 कॅलरी आणि प्रथिनांचं ठरावीक प्रमाण ठरवलं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि दोन्ही वाटा एका खोलीत येऊन बसल्या. नाव मिळालं अंगणवाडी. नोंदवही मात्र आकड्यांची राहिली, असं माझं मत. 2009 मध्ये तीन ते सहा वयासाठी 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असा नवा निकष आला. म्हणजे आकडा वाढला, रकाने तेच.

एकदा एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी जेवणाच्या वेळी बसले होते. हजेरीत सगळ्यांपुढे खूण. समोर एक मुलगा अर्धी खिचडी खाऊन उरलेली डब्यात भरत होता. मी विचारलं तर म्हणाला, घरी धाकटा आहे. वहीत दोघांपैकी एकाचंच जेवण, आणि तेही पूर्ण!

इथे थोडं शरीरशास्त्र लागतं, इतिहासवाल्यांनी घाबरू नये. या वयाचं पोट लहान असतं. मोठ्यांसारखं दोन वेळा जेवून त्याचं भागत नाही, थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा लागतं. पातळ कांजीने पोट भरतं, ताकद फारशी मिळत नाही. आई सकाळीच शेतावर गेली की मधल्या वेळेला भाकर कुस्करून देणारी असते थोरली बहीण, जी स्वतः आठ-नऊ वर्षांची. 'प्रथिनं कमी की एकूण अन्नच कमी' हा वाद आपल्याकडे डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासारख्यांनी हिरिरीने घातला. पण घास कोणाच्या हातून आणि कितव्यांदा, हा प्रश्न त्या वादातही कडेलाच राहिला.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आली. पुढच्या वर्षी लहान मुलांनाही आठवड्यातून चार वेळा अंडं, न खाणाऱ्यांना केळी, असं ठरलं. अंड्याचा कागद चांगला मिळतो. अंडं मोजता येतं ना!

आता नोंदवहीतली पोकळी. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात, काही पुन्हा जातात. त्या महिन्यांत मूल 'गैरहजर'. मी आधी याला खंड समजून ती पानं गाळली होती. गाईडनी विचारलं, 'मग ते मूल तेव्हा जेवत नव्हतं का?' कोपीवर त्याला काय मिळत होतं, हे गावच्या वहीत येणारच नव्हतं.

मुलाखतीतही मी अशीच आपटले. 'सकाळी नाश्ता काय देता?' असं मराठीत विचारलं की उत्तर यायचं, काही नाही. मग एका मदतनीस ताईंनी प्रश्न भिलीत फिरवून विचारला: उठल्यावर पोराच्या तोंडात पहिलं काय गेलं? रात्रीची भाकर, मीठ-मिरची, कधी महूची फुलं. माझ्या आधीच्या फॉर्मवर या सगळ्या घरांपुढे शून्य लिहिलेलं आहे.

ते फॉर्म मी फेकलेले नाहीत. परिशिष्टात तसेच लावणार आहे, शून्यांसकट. होळीनंतर पुन्हा काठीला जायचंय, यावेळी थोरल्या बहिणींशी बोलायला. त्या अल्पवयीन आहेत, म्हणून पालकांच्या संमतीचा मजकूर आधी भिलीत तयार करतेय.