रायपूर किती लांब? बैलगाडीपासून विमानापर्यंत

मुंबईहून थेट विमानात बसलात, तर साधारण पावणेदोन तासांत रायपूर येतं. हवाई अंतर सुमारे ९५० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर धरले, तर हिशेब जेमतेम सव्वा तासाचा. उरलेला अर्धा तास जातो धावपट्टीवर, वर चढण्यात आणि उतरण्यासाठी वेग कमी करण्यात.

बाहेर आलात की नाव दिसतं, स्वामी विवेकानंद विमानतळ. आधी हा माना विमानतळ होता, २०१२ मध्ये नाव बदललं. विवेकानंदांचा रायपूरशी काय संबंध? १८७७ मध्ये चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ वडिलांच्या कामामुळे कुटुंबासह कलकत्त्याहून इथे आले. तेव्हा रायपूरला रेल्वे नव्हती. प्रवासाचा मोठा टप्पा बैलगाडीनं, जंगलातून झाला. बैलगाडीनं आलेल्या मुलाचं नाव आज विमानतळाला आहे!

त्या काळी मुंबईहून येणाऱ्याची गतही तीच. मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पुढचे जवळजवळ ३०० किलोमीटर रस्त्यानं. बैलगाडी दिवसाला २०-२५ किलोमीटर चालते असं धरा, म्हणजे बारा ते पंधरा दिवस झाले. पुढे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, रूळ रायपूर, बिलासपूरकडे गेले आणि १९०० मध्ये मुंबई-नागपूर-हावडा मार्ग जोडला गेला. पंधरवड्याचा प्रवास एका दिवसावर आला.

पण मंडळी, अंतर फक्त चाकांनी कमी होत नाही. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी रायपूर नागपूरला जोडलेलं होतं. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. तिथल्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधलं. टेकडीचं नाव रामटेकरी. नागपूरकरांना लगेच रामटेक आठवेल. पुढे इंग्रज आले, तरी मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिली. १९२३ मध्ये तिथे विद्यापीठ झालं, १९३६ मध्ये हायकोर्ट. सचिवालयातलं काम असो की कोर्टातलं अपील, रायपूरकराला नागपूर गाठावंच लागे.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळ झाली. एक किलोमीटरही वाढला नाही, पण रायपूरच्या मराठी घरांसाठी नागपूर परराज्यात गेलं. २००० मध्ये छत्तीसगड झाला, तेव्हा रायपूर स्वतःच राजधानी बनलं.

आता मुंबईचं विमान नागपूरला न थांबता पुढे जातं. वेळ वाचतो, हे चांगलंच आहे. पण गाडी नागपूरला थांबायची तेव्हा फलाटावर कुणी डबा घेऊन यायचं, कुणी लग्नाची पत्रिका हातात द्यायचं. दहा मिनिटांत मराठीत चार गोष्टी व्हायच्या. रायपूरच्या घरांत मराठी टिकली त्यात अशा भेटींचाही वाटा होता. विमानात ती दहा मिनिटं मिळत नाहीत.

म्हणून एक विनंती. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर घरातल्या थोरांना विचारा, आपली माणसं इथे कुठल्या वाटेनं आली आणि किती दिवसांत? उत्तर लिहून ठेवा. तिकिटावर ते सापडणार नाही.